जुन्या गाडीचा ब्लोअर: मोटर कशी तपासायची आणि अर्थिंग कसं पक्कं करायचं

नागपुरात गाडीच्या हीटरचं नाव काढलं तर लोक हसतील. पण हीटरच्या डब्यातली, हवा फेकणारा पंखा म्हणजे ब्लोअर फिरवणारी ती छोटी मोटर वर्षभर कामाची असते. पावसाळ्यात समोरच्या काचेवर वाफ धरली की तीच काच मोकळी करते. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा पहाटे निघणाऱ्याला तीच ऊब देते. डॅशबोर्डखाली बाहेरून एसी बसवून घेतला असेल, तर मे महिन्यात सगळी मदार तसल्याच एका मोटरवर असते. शिवाय एक जुनी युक्ती आहे. भर दुपारी व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला, तर एसी बंद करायचा, हीटर पूर्ण उघडायचा आणि ब्लोअर फुल करायचा. हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच. आत बसणाऱ्यांचे हाल होतात, पण इंजिन वाचतं.

अँबेसेडर असो, पद्मिनी असो की कॉन्टेसा, ब्लोअर मंदावला की पहिलं निदान ठरलेलं असतं: ‘मोटर गेली, बदलून टाका.’ मूळ मापाची मोटर सहज मिळत नाही. मिळाली तरी डब्यात बसवताना भोकं वाढवावी लागतात, पंखा घासतो, आणि एवढं करूनही ब्लोअर पूर्वीसारखाच रडतो. कारण बिघाड मोटरमध्ये नसून करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेवर, म्हणजे अर्थमध्ये असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी अर्थ, मग प्लसची वाट, मग मोटर. मोटर खोलायची ती सगळ्यात शेवटी.

अर्थ का बिघडतो

सर्वात मोठं कारण म्हणजे डेंटिंग-पेंटिंग. हौसेने गाडी पूर्ण रंगवून घेतली जाते. रंगारी प्रायमरसकट सगळीकडे फवारा मारतो आणि अर्थचा स्क्रू त्या रंगावरच परत कसला जातो. तार जागेवर दिसते, स्क्रू घट्ट असतो, पण पत्र्याशी संबंध फक्त स्क्रूच्या आट्यांपुरता उरतो.

दुसरं कारण पाणी. काचेखालच्या जाळीतून कडुनिंबाची आणि गुलमोहराची पानं आत जातात, पाणी निघायची नळी तुंबते, आणि जुलैतलं पाणी थेट हीटरच्या डब्यावर साचतं. अर्थचा स्क्रू तिथेच कुठेतरी असतो आणि गंजतो.

तिसरं कारण मोटरच्या बैठकीत आहे. आवाज कमी व्हावा म्हणून बऱ्याच मोटरी रबरी बुशांवर बसवलेल्या असतात, काहींचा डबा प्लास्टिकचा असतो. अशा मोटरचं अंग गाडीच्या बॉडीला टेकतच नाही. तिची काळी तार हाच परतीचा एकमेव मार्ग असतो. कोणीतरी कधीतरी ती तार कापून ‘बॉडीतून मिळेलच’ म्हणून सोडून देतो, आणि तिथून रडकथा सुरू होते.

लागणारं सामान

डिजिटल मल्टिमीटर हवा. सीताबर्डीच्या बाजारातला साधा मीटरही चालतो, पण त्याच्या तारा धड असाव्यात. टेस्ट लॅम्पसाठी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घ्या. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कमजोर वाट लगेच उघडी पडते. एलईडीचा टेस्टर इथे उपयोगाचा नाही. जम्परसाठी, म्हणजे तात्पुरत्या थेट जोडणीसाठी, २.५ स्क्वेअर एमएमच्या, प्रत्येकी दोन मीटरच्या दोन तारा घ्या. टोकांना मगरचिमटे लावा आणि प्लसच्या तारेत १५ अँपिअरचा फ्यूज घाला. बाकी १२० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, तांब्याचे थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची भोकवाली टोपणं), थिंबल दाबायचा पक्कड, दातेरी वॉशर, व्हॅसलिन आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. पाने मात्र गाडी पाहून. अँबेसेडरला इंची पाने लागतात, पद्मिनीला एमएमचे.

एक गोष्ट अजिबात करू नका. कूलरच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्यांकडे २३० व्होल्टचा सिरीज बोर्ड असतो, त्यावर ही मोटर लावायची नाही. १२ व्होल्टच्या मोटरचं इन्सुलेशन त्यासाठी बनलेलं नसतं, आणि मोटरचं अंगच आतून एका टोकाला जोडलेलं असेल तर शॉक बसायची पूर्ण सोय होते.

तारा हलवण्याआधी तीन गोष्टी बघा

पहिली, बॅटरीची कोणती बाजू बॉडीला आहे. मॉरिस-ऑस्टिन घराण्यातल्या पन्नास-साठच्या दशकांतल्या गाड्यांमध्ये प्लस बॉडीला असायचा. नंतर अनेकांनी डायनमो काढून अल्टरनेटर बसवताना तो उलटा करून घेतला. तुमच्या गाडीत काय आहे ते पुस्तकात न बघता बॅटरीवर बघा. खाली सगळीकडे मायनस बॉडीला आहे असं धरलं आहे. तुमच्याकडे उलटं असेल तर प्लस-मायनसची अदलाबदल करून वाचा.

दुसरी, स्विच कुठल्या बाजूला आहे. जुन्या ब्रिटिश आणि इटालियन घराण्यातल्या गाड्यांत स्विच साधारणपणे प्लसच्या वाटेवर असतो. जपानी घराण्यातल्या अनेक गाड्यांत मोटरला चावी फिरवताच प्लस मिळतो आणि स्पीडचा स्विच मायनस जोडतो. अशा गाडीत मोटरच्या मायनस टोकाला थेट अर्थ दिला, तर स्विच निकामी होऊन ब्लोअर कायम फुल स्पीडने फिरेल. ओळखायची खूण सोपी आहे. चावी चालू, ब्लोअरचा स्विच बंद, आणि तरीही मोटरच्या दोन्ही टोकांवर बॉडीच्या तुलनेत १२ व्होल्ट दिसले, तर स्विच मायनसच्या बाजूला आहे.

तिसरी, मीटर खरं बोलतोय का. मे २०२४च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तेव्हा आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून ओहम बघा. ०.२ ते ०.४ दिसायला हवेत. आकडा नाचत असेल तर प्रोबची तार आतून तुटली आहे. मग बॅटरीवर व्होल्ट बघा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.४ ते १२.७ मिळतात. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे निघतील.

पॉइंटवाली गाडी (इग्निशनचा करंट उघडमीट करणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटची) असेल तर आणखी एक काळजी घ्या. इंजिन बंद आणि चावी चालू अशी गाडी बराच वेळ ठेवली आणि पॉइंट नेमका मिटलेला असला, तर इग्निशन कॉइल तापून जळते. तपासणीपुरती कॉइलची प्लसची तार काढून टेपने झाकून ठेवा.

खरी चाचणी: करंट वाहत असताना व्होल्ट मोजा

अर्थ तपासायला बहुतेक जण मीटर बीपवर ठेवतात, एक प्रोब काळ्या तारेला, दुसरा बॉडीला. बीप वाजला की ‘अर्थ ओके.’ सगळा घोळ इथेच होतो. ३०-५० ओहमच्या आत काहीही असलं तरी बहुतेक मीटर बीप देतात. ब्लोअरला मात्र अर्धा ओहमही भारी पडतो. तीस धाग्यांच्या तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजेल, आणि मोटर तरीही नीट फिरणार नाही. तसंच मोटरचा कपलर (तारा जोडणारा प्लग) काढून त्यात १२ व्होल्ट दिसले म्हणजे प्लसची वाट चांगली, असंही नाही. करंट वाहत नसेल तर सडक्या तारेतूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात.

म्हणून कपलर जोडलेलाच ठेवा, चावी चालू करा, ब्लोअर फुलवर ठेवा आणि मागून प्रोब घालून चार आकडे घ्या:

१. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये.
२. मोटरच्या दोन टोकांमध्ये. एकाच तारेची मोटर असेल तर प्लस टोक आणि मोटरचं अंग यांच्यात.
३. मोटरचं मायनस टोक किंवा अंग, आणि बॅटरीचा मायनस यांच्यात. प्रोब बॅटरीच्या खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नको.
४. बॅटरीचा प्लस खांब आणि मोटरचं प्लस टोक यांच्यात.

समजा बॅटरीवर १२.३, मोटरवर ९.२, मायनसच्या बाजूला २.६ आणि प्लसच्या बाजूला ०.५ आले. मोटरला जवळपास तीन व्होल्ट कमी मिळताहेत आणि त्यातले २.६ एकटा अर्थ खातो आहे. मोटर ६ अँपिअर घेत असेल तर त्या सांध्यात साधारण ०.४३ ओहमचा अडथळा आहे. बीपच्या लेखी तो शून्यच. पण तिथे १५ वॉटच्या वर उष्णता तयार होते आहे. दहा मिनिटांनी त्या स्क्रूला हात लावा, चटका बसेल. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आकड्याची बेरीज पहिल्याइतकी यायला हवी. फार फरक पडला तर प्रोब कुठेतरी चुकीच्या जागी टेकला आहे.

मायनसच्या बाजूला ०.२ व्होल्टपर्यंत चालतात, ०.१ असतील तर उत्तम. प्लसच्या बाजूला फ्यूज, स्विच आणि चावी असं सगळं मध्ये येतं, म्हणून तिथे ०.५ पर्यंत सोडून द्या. मात्र फुल स्पीडवरच मोजा. कमी स्पीडवर रेझिस्टर मुद्दामच व्होल्ट खात असतो.

खात्री करायला जम्पर लावा. मोटरच्या मायनस टोकापासून थेट बॅटरीच्या मायनसला तार जोडली आणि ब्लोअरचा सूर लगेच चढला, तर अर्थच दोषी. स्विच मायनसच्या बाजूला असलेल्या गाडीत ही चाचणी फुल स्पीडवर ठेवूनच करा, आणि सूर चढला तर स्विचही संशयात घ्या. मायनसच्या जम्परने काही फरक पडला नाही, पण प्लसकडून फ्यूजवाल्या जम्परने पडला, तर दोष स्विच, फ्यूज किंवा कपलरमध्ये. दोन्ही जम्पर लावूनही मोटर रडत असेल तेव्हाच ती खोला.

लक्षणांवरूनही बराच अंदाज येतो. फक्त फुल स्पीड चालतो आणि बाकीचे मेलेत, तर रेझिस्टर जळलाय. हेडलाइट लावताच ब्लोअर मंदावतो, किंवा ब्लोअर लावला की इंडिकेटर फिके पडतात, तर ते सगळे एकाच सडक्या अर्थवर आहेत. डब्यावर बुक्की मारली की चालू होतो, तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) अडकलेत किंवा झिजलेत. सुरू करताच फ्यूज उडतो, तर बहुधा मोटर जाम आहे.

शेवटच्या लक्षणामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. न फिरणारी मोटर हा नुसता एक ओहमभर तारेचा गुंडाळा असतो, तो १२ अँपिअर सहज ओढतो. म्हणून जाम मोटरला मोठा फ्यूज लावणं म्हणजे वायरिंग पेटवायची तयारी करणं.

मोटर बाहेर काढल्यावर

आधी बॅटरीची अर्थची तार काढा. दांडा हाताने फिरवून बघा. तो सहज फिरायला हवा आणि बाजूला हलता कामा नये. मीटर ओहमवर ठेवून दोन टोकांना लावा आणि दांडा सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. साधारण अर्धा ते तीन-चार ओहमच्या आत आकडा थोडाफार हलत राहील. एखाद्या जागी वाट पूर्ण तुटली तर आर्मेचरची, म्हणजे आतल्या फिरत्या भागाची, ती पट्टी मेली आहे. दोन तारांच्या मोटरमध्ये कुठलंही टोक आणि मोटरचं अंग यांच्यात काहीच वाट दिसता कामा नये. एका तारेच्या मोटरमध्ये दिसणारच, कारण एक कार्बन आतून अंगालाच जोडलेला असतो. तिला शॉर्ट समजून फेकू नका.

मग मोटर व्हाइसमध्ये हलकेच धरा आणि फ्यूजवाल्या जम्परने बॅटरी लावा. हातात धरून सुरू करू नका, झटका देते. थिनर किंवा पेट्रोलचं भांडं जवळपास नको, कार्बनखाली ठिणग्या पडतात. दिशा बघा. चुंबकवाल्या मोटरला प्लस-मायनस उलटे दिले तर ती उलटी फिरते, आणि पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा देतोच. बॅटरीची बाजू बदललेल्या गाड्यांमध्ये ‘ब्लोअर फिरतो पण हवा नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा हेच असतं. तिथे मोटरच्या दोन तारा अदलाबदल करायच्या, काम झालं. चुंबकाऐवजी फील्डचं वाइंडिंग असलेली मोटर मात्र दोन्हीकडून एकाच दिशेला फिरते.

कार्बन ५ मिलीमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर बदला. नेमके मिळाले नाहीत तर थोडे मोठे घेऊन पॉलिश पेपरवर घासून मापात आणता येतात. ते खाचेत अडखळता कामा नयेत. कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ६०० नंबरच्या पेपरने गोल फिरवत साफ करा. काळा एमरी पेपर नको, त्याचे कण पट्ट्यांमध्ये रुततात. पट्ट्यांमधल्या खाचा करवतीच्या पात्याच्या घासून बारीक केलेल्या तुकड्याने अर्धा-पाऊण मिलीमीटर मोकळ्या करा. आर्मेचर पेट्रोलमध्ये बुडवू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर पुरे.

दांडा ज्यात फिरतो ते बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात, तेल पिऊन ठेवतात. ते निघत असतील तर रात्रभर हलक्या मशीन ऑइलमध्ये ठेवा, नसतील तर दोन थेंब द्या. तिसरा थेंब कॉम्युटेटरवर जातो आणि कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो. डब्ल्यूडी-४० ने किरकिर आठवडाभर थांबेल, पण ते टिकाऊ वंगण नव्हे. आर्मेचर जळलं असेल तर ते कूलर वाइंडिंगवाल्याकडे नेऊ नका. कूलरच्या मोटरमध्ये कार्बन आणि कॉम्युटेटर नसतातच. सेल्फ (स्टार्टर) आणि डायनमोचं काम करणारा शोधा.

नवीन अर्थ कसा द्यायचा

तारेची जाडी आधी ठरवा. २.५ स्क्वेअर एमएमची एक मीटर तांब्याची तार १० अँपिअरवर साधारण ०.०८ व्होल्ट खाते, १ स्क्वेअर एमएमची ०.२ खाते. म्हणजे साध्या हीटरच्या मोटरला २.५ भरपूर झाली. डॅशबोर्डखालच्या एसीच्या मोटरला ४ द्या, ती फुलवर १०-१५ अँपिअर ओढू शकते. रंग काळा ठेवा, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला कळेल.

जागा निवडताना इंजिन आणि केबिन यांच्यामधला जाड पत्रा उत्तम. डॅशबोर्डची पट्टी, स्टीअरिंगचा खांब, पत्र्याचे स्वतः आटे पाडणारे स्क्रू हे सगळं टाळा. ६ एमएमचा आरपार बोल्ट हवा. भोकाभोवती रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात रंग आणि प्रायमर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा. रचना अशी: पत्रा, त्यावर दातेरी वॉशर, त्यावर थिंबल, मग साधा वॉशर आणि नट. थिंबल पक्कडीने दाबा आणि ओढून बघा. नुसतं सोल्डर करून सोडू नका. सोल्डर जिथे संपतो तिथेच तार कंपनाने तुटते. वरून श्रिंक स्लीव्ह चढवा. व्हॅसलिन आणि रंग सगळं कसून झाल्यावर बाहेरून लावा. आधी रंग लावला तर जिथून सुरुवात केली तिथेच परत याल.

एवढं करून तिसरा आकडा कमी झाला नाही, तर बॅटरीचा मायनस आणि बॉडी यांच्यातली जाड पट्टी बघा, आणि इंजिन-बॉडीमधली विणलेली पट्टीसुद्धा. इंजिन रबरावर बसलेलं असतं. ती पट्टी तुटली तर सेल्फ मारताना सगळा करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि केबल तापून जाम होते. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस खांब आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नयेत.

फ्यूज आणि स्विच

जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. तो ३५ ला उडतो, सतत मात्र १७ च सोसतो. त्याच्या जागी आजचा पाकळीचा ३५ चा फ्यूज लावणं धोक्याचं आहे, १५ चा लावा. फियाट घराण्यातल्या चिनी मातीच्या फ्यूजची टोकं काळी पडतात, ती जागेवर गोल फिरवली तरी व्होल्ट सुधारतात.

मोटर १० अँपिअरच्या वर घेत असेल तर जुन्या स्विचवर भार टाकू नका, रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा. त्याच्या टोकांना नंबर असतात: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून प्लस, ८७ वरून मोटर, ८६ ला स्विचची तार, ८५ ला अर्थ. याने एकच स्पीड मिळतो. बाकीचे स्पीड हवे असतील तर रेझिस्टर रिलेच्या पुढे ठेवावा लागेल. तो हवेच्या झोतातच बसवा, झोत नसेल तर त्याची तार लाल होऊन डबा वितळतो.

बसवून झाल्यावर बॅटरीची अर्थची तार सगळ्यात शेवटी जोडा आणि कॉइलची काढलेली तार विसरू नका. इंजिन चालू ठेवून ब्लोअर वीस मिनिटं फुलवर चालवा आणि चारही आकडे पुन्हा घ्या. थिंबल आणि कपलरला हात लावून बघा, कोमट चालेल, गरम नको. त्याच बैठकीत काचेखालच्या जाळीतली पानं काढा, पाण्याच्या नळीत तार घालून ती मोकळी करा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. ते गाडीखाली पडायला हवं. पायाशी पडलं तर नळी अजून तुंबलेलीच आहे.